सेन्सर तीनदा बदलला, दोष तसाच, आणि आता गाडीही गॅरेजात अडकली

प्रश्न : मी इंदूरच्या लोकमान्यनगरात राहणारा निवृत्त शिक्षक असून माझ्याकडे २०११ सालची पेट्रोल मोटार आहे. गेल्या पावसाळ्यात ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाच्या चढावर इंजिनाचा दिवा लागला आणि तेव्हापासून रेडिएटरचा पंखा सतत फिरू लागला. ॲव्हरेजही बरेच घसरले. गॅरेजवाल्याने तीन वेळा टेम्परेचर सेन्सर बदलून ७,६०० रुपये घेतले, पण दर वेळी आठवड्याभरात दिवा पुन्हा लागला. एका ऑटो इलेक्ट्रिशियनने कनेक्टरची पिन गंजून हिरवी पडल्याचे दाखवले, म्हणून मी व्हॉट्सॲपवर ‘फक्त वायर व कनेक्टर पाहा, दुसरे काही विचारल्याशिवाय बदलू नका’ असे कळवून गाडी परत त्याच गॅरेजात सोडली. त्याने न विचारता ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) बदलला. त्याचे २६,५०० रुपये आणि मागच्या कामाचे राहिलेले १,८०० रुपये दिल्याशिवाय तो गाडी सोडत नाही. दिवा मात्र अजूनही लागतोच. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. मी जाऊन गाडी घेऊन येऊ का? फसवणुकीचा गुन्हा नोंदवावा का? पैसे परत मिळतील का?

उत्तर : महोदय, किल्ली घेऊन गाडी आणण्याचा विचार कृपया सोडून द्या. गाडी आपलीच आहे, तरी दुरुस्तीचे कायदेशीर देणे बाकी असताना कारागिराने तारण म्हणून ठेवलेली वस्तू मालकाने परस्पर उचलली तर तीही चोरी ठरू शकते. घड्याळ दुरुस्तीला देणाऱ्या माणसाचे नेमके असेच उदाहरण भारतीय दंड संहितेच्या चोरीच्या कलमाखाली दिलेले होते आणि ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही कायम आहे. आपले देणे खरोखर किती, हा वाद ग्राहक आयोगापुढे आपण जिंकू शकता. तो गॅरेजच्या दारात मिटवायला गेलात तर तक्रारदाराचे आरोपी व्हाल.

गाडी अडवून ठेवण्याच्या गॅरेजवाल्याच्या अधिकारालाही मर्यादा आहेत. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ज्या कामासाठी वस्तू सोपवली ते काम ठरल्या हेतूप्रमाणे पूर्ण केलेल्या कारागिराला त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. मागच्या कामाच्या १,८०० रुपयांसाठी हा अधिकार चालत नाही, कारण त्या वेळी त्याने गाडी आपल्या ताब्यात परत दिली होती, आणि जुन्या थकबाकीसाठी कोणतीही वस्तू अडवण्याचा जो सर्वसाधारण अधिकार कलम १७१ बँका व इतर काही व्यावसायिकांना देते, त्यांत गॅरेज येत नाही. ईसीयूबाबत तर आपला लेखी नकार आधीच पोचलेला होता. ‘काम केले, मालकाला लाभ झाला, म्हणून मोबदला द्यावा’ असा बचाव तो कलम ७० च्या आधारे घेईल, परंतु दिवा तसाच लागत असेल तर लाभ कोणता झाला, हे त्यालाच सांगावे लागेल.

फौजदारी तक्रारीचा मार्ग मी आज सुचवणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक सिद्ध करायला पैसे घेतानाच अप्रामाणिक हेतू होता हे दाखवावे लागते. अडाणीपणाने किंवा घाईने केलेली दुरुस्ती त्या व्याख्येत सहसा बसत नाही. जुना ईसीयू प्रत्यक्षात बदललेलाच नाही असे पुढे उघड झाले, तर या प्रश्नाचा फेरविचार अवश्य करू.

आपली खरी जागा जिल्हा ग्राहक आयोगात आहे, आणि तिथे एक गोष्ट नीट ओळखून उभे राहिले पाहिजे. ‘दोष गेला नाही’ एवढ्यावर सेवेतील त्रुटी सिद्ध होत नाही. जुन्या गाडीचा दोष प्रामाणिक प्रयत्न करूनही हाती न लागणे शक्य आहे आणि आयोग ते मान्य करतो. न तपासता भाग बदलत गेला आणि प्रत्येक भागाचे पैसे घेतले, ही त्रुटी आहे, आणि ती सिद्ध करण्याची जबाबदारी आपली आहे. म्हणून थोडे तंत्र समजून घ्यावे लागेल.

टेम्परेचर सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे विद्युत रोध बदलणारा छोटा भाग असतो. बहुतेक गाड्यांत २० अंशांना त्याचा रोध साधारण २,००० ते ३,००० ओहम असतो आणि इंजिन ८० अंशांवर तापले की तो सुमारे ३०० ओहमपर्यंत उतरतो. ईसीयू त्याला ५ व्होल्टचा पुरवठा करतो आणि परत येणाऱ्या व्होल्टेजवरून तापमान ओळखतो. वायर तुटली किंवा पिन गंजून संपर्क सुटला, तर ईसीयूला इंजिन उणे ४० अंशांवर असल्याचे दिसते. स्कॅनरवर, म्हणजे ईसीयूतील नोंदी वाचणाऱ्या यंत्रावर, पी०११८ हा दोषाचा कोड येतो, खबरदारी म्हणून पंखा सतत चालू राहतो आणि मिश्रणात पेट्रोल जास्त जाऊ शकते. आपण लिहिलेली लक्षणे याच्याशी जुळतात.

आता साधी चाचणी पाहा. सेन्सरचा कनेक्टर काढून त्याच्या दोन टोकांना वायरच्या तुकड्याने जोडले की स्कॅनरवरचे तापमान उणे ४० वरून एकदम वरच्या टोकाला गेले पाहिजे. गेले तर वायर व ईसीयू ठीक आणि सेन्सर खराब. न गेले तर दोष वायरिंगमध्ये किंवा ईसीयूत. मग ५ व्होल्ट ईसीयूच्या पिनवर मिळतात पण कनेक्टरपर्यंत पोचत नाहीत, असे मल्टीमीटरवर दिसले की दोष वायरचा ठरतो. हे सारे काही मिनिटांचे काम आहे आणि ईसीयूवर संशय घेण्याची पाळी सर्वांत शेवटी येते. पहिला सेन्सर कोड पाहून बदलला असेल तर त्याला मी दोष देणार नाही, आणि त्याचे पैसेही मागू नका. अशा संयमाने आपली बाकीची मागणी अधिक विश्वासार्ह होते. नवा सेन्सर बसवूनही तोच कोड परत आल्यावर ही चाचणी न करता दुसरा आणि तिसरा सेन्सर बसवणे हा निष्काळजीपणा आहे. काही जुन्या गाड्यांत तापमान दाखवणाऱ्या काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो, तेव्हा तिन्ही वेळा बदललेला भाग नेमका कोणता, हेही बिलावरील पार्ट नंबरवरून पाहावे लागेल.

या आठवड्यात स्पीड पोस्टाने हिंदीत नोटीस पाठवा. तीत जॉब कार्ड, स्कॅनरचा अहवाल, तिन्ही जुने सेन्सर, जुना ईसीयू आणि तपशीलवार पक्के बिल मागा, आणि कनेक्टरच्या कामाची वाजवी मजुरी देण्याची तयारी लेखी कळवा. सेवेचे रीतसर बिल न देणे हीदेखील ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणून आधीच्या कच्च्या चिठ्ठ्या फेकू नका. ऑटो इलेक्ट्रिशियनचे शपथपत्र घ्या, कारण आयोगातील सुनावणी मुख्यतः शपथपत्रे व कागदपत्रांवर चालते. तो व्हॉट्सॲप संदेश आपल्या प्रकरणाचा कणा आहे. तो फोनमधून पुसू नका आणि त्याच्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा.

नोटिशीला पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर तक्रार दाखल करा. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांच्या आत असल्याने शुल्क लागणार नाही आणि आपण इंदूरचे रहिवासी असल्याने इथल्याच आयोगाला अधिकारक्षेत्र आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तक्रारीबरोबरच ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८(८) खाली गाडी सोडण्याचा अंतरिम आदेश मागा. गाडीची फारच निकड असेल तर रक्कम बँकेमार्फत भरून ‘निषेध नोंदवून, हक्क राखून’ असे पावतीवर व संदेशात लिहा. तसे केल्याने परताव्याची मागणी बुडत नाही. मागणीत दुसऱ्या व तिसऱ्या सेन्सरचे पैसे, ईसीयूचे बिल रद्द होणे किंवा भरले असल्यास परतावा, त्रासाची माफक भरपाई आणि खर्च एवढेच ठेवा. लाखाची भरपाई मागणाऱ्या लहान तक्रारींचे मी चांगले होताना फारसे पाहिलेले नाही.

गाडी हाती आली की मोह आवरून ती कनेक्टर दुरुस्त करायला लगेच देऊ नका. आधी अधिकृत सेवा केंद्रात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील वाहनतंत्राच्या प्राध्यापकांकडून वरील चाचण्या करवून लेखी अहवाल घ्या, गंजलेल्या पिनची व बसवलेल्या ईसीयूवरील क्रमांकाची छायाचित्रे काढा, आणि काढलेला कनेक्टर पाकिटात सीलबंद करून त्यावर मेकॅनिकची सही व तारीख घ्या. तोपर्यंत गाडी घाटात नेऊ नका, कारण ईसीयूला खरे तापमान कळत नसताना इंजिन खरोखर तापले तर ते आपल्या वेळेवर लक्षात येईलच असे नाही.