चरणसिंग सरकार किती दिवस टिकलं? यशवंतराव चव्हाणांकडे कोणतं खातं होतं?

उपपंतप्रधानपद आणि गृह खातं. इकडे नागपुरात धरमपेठेच्या अभ्यासिकेत एमपीएससीवाली पोरं हटकून 'संरक्षण' सांगतात. ते १९६२ चं झालं! १९७९ मध्ये संरक्षण सी. सुब्रमण्यम यांच्याकडे होतं, अर्थ हेमवतीनंदन बहुगुणांकडे.

शपथ २८ जुलै १९७९ ला. चरणसिंगांचा जनता पक्ष (सेक्युलर) आणि चव्हाणांची काँग्रेस मिळूनही बहुमत नव्हतंच. सगळा डोलारा इंदिरा गांधींच्या बाहेरून पाठिंब्यावर. तो त्यांनी काढला आणि २० ऑगस्टला, लोकसभेला सामोरं न जाताच, राजीनामा. काळजीवाहू म्हणून मात्र १४ जानेवारी १९८० पर्यंत मुक्काम. त्यामुळे कुठे तेवीस दिवस लिहिलेलं दिसतं, कुठे साडेपाच महिने.

तमिळनाडूतल्या अण्णा द्रमुक या द्रविड पक्षाचे दोन मंत्रीही या मंत्रिमंडळात होते. द्रविड पक्षाला केंद्रात जागा पहिल्यांदा तेव्हाच मिळाली.