एकाच दुकानात अकरा वर्षे किमान वेतनावर काम केल्यानंतर मालकाकडे पगारवाढ कशी मागावी?

आपण लिहिले आहे की सांगलीतील औषधांच्या एका घाऊक विक्रेत्याकडे आपण अकरा वर्षे नोकरी करत आहात, पगार आजही किमान वेतनाइतकाच आहे, आणि वाढीचा विषय काढला की "सरकार वाढवते तेवढे मी दर सहा महिन्यांनी देतोच," असे शेठ सांगतात. लहान दुकानांची आणि कारखान्यांची पगारपत्रके तयार करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे हे उत्तर माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. ते खोटे नाही, पण त्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, आणि हे आपल्याला शेठसमोर शांतपणे मांडता आले पाहिजे.

दर सहा महिन्यांनी जी रक्कम वाढते ती विशेष भत्त्याची असते. महाराष्ट्रात किमान वेतनाचे मूळ दर आणि विशेष भत्ता असे दोन भाग असतात. भत्ता महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेला असून तो 1 जानेवारी ते 30 जून आणि 1 जुलै ते 31 डिसेंबर अशा दोन कालखंडांसाठी जाहीर होतो. मूळ दरांचा फेरविचार जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने व्हावा, असे 1948 च्या किमान वेतन अधिनियमापासून कायदा सांगत आला आहे. प्रत्यक्षात तो अनेकदा लांबतो. भत्त्यामुळे बाजारात जेवढी महागाई झाली तेवढीच भर पगारात पडते, म्हणजे आपण होतो तिथेच राहतो. शिवाय हीच रक्कम गेल्या आठवड्यात कामाला लागलेल्या मुलालाही मिळते. अकरा वर्षांचा अनुभव आणि आठ दिवसांची ओळख यांत किमान वेतनाचा कायदा काहीही फरक करत नाही, कारण तो त्यासाठी केलेलाच नाही. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी जे निकष ठरवले, त्यांत माणशी 2,700 कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्चासाठी वीस टक्के अशा बाबी होत्या. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ अशा गरजांसाठी आणखी पंचवीस टक्के धरावेत असे सांगितले. हे सगळे कुटुंब तगून राहण्याचे हिशेब आहेत. आपण इतक्या वर्षांत जे शिकलात त्याचे मोल त्यात कुठेही धरलेले नाही, आणि आपल्याला मागायचे आहे ते नेमके तेच.

म्हणून शेठकडे जाण्याआधी एक काम करा. आपली पगारचिठ्ठी काढा आणि तिच्यावर, किंवा दुकानाच्या वेतन नोंदवहीत, आपल्या नावापुढे कोणता वर्ग लिहिला आहे ते पाहा. किमान वेतनाचे दर परिमंडळानुसार (म्हणजे सरकारने पाडलेल्या भौगोलिक विभागांनुसार) आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल या वर्गांनुसार वेगवेगळे असतात. लहान दुकानांत माणूस कामाला लागताना ज्या वर्गात लिहिला जातो, त्याच वर्गात तो वर्षानुवर्षे राहतो. यात नेहमीच कपट असते असे मी म्हणणार नाही. बहुतेक ठिकाणी मागच्या महिन्याचे पत्रक पुढे ओढले जाते आणि त्या रकान्याकडे कोणी पाहतच नाही. परंतु अकुशल काम म्हणजे ज्याला अनुभव किंवा कौशल्य जवळजवळ लागत नाही असे साधे काम, अर्धकुशल म्हणजे कामावर शिकून घेतलेले आणि कुशल माणसाच्या देखरेखीखाली केले जाणारे काम, आणि कुशल म्हणजे ज्यात अनुभवाबरोबर स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावा लागतो असे काम. या तीन व्याख्यांसमोर आपला एक दिवस ठेवून पाहा.

आपण दिलेल्या वर्णनावरून मला असे दिसते की सकाळी फोनवर मेडिकलवाल्यांच्या ऑर्डरी आपण घेता, एखादे औषध नसेल तर त्याच घटकाचे दुसऱ्या कंपनीचे कोणते आहे ते संगणक न उघडता सांगता, माल काढताना बॅच क्रमांक आणि मुदत पाहून आधी संपणारा माल आधी बाहेर काढता, इन्सुलिनच्या फ्रिजचे तापमान 2 ते 8 अंशांच्या आत आहे की नाही ते तपासता आणि मुदत संपलेल्या मालाची यादी करून तो कंपनीकडे वेळेत परत पाठवता. हे अकुशल काम नव्हे. यातली मुदतीच्या मालाची गोष्ट तर विशेष महत्त्वाची आहे, कारण परतीची मुदत एकदा टळली की कंपनी तो माल सहसा स्वीकारत नाही आणि नुकसान विक्रेत्याच्या माथी बसते. औषधांच्या घाऊक व्यापारात नफ्याचे प्रमाण आधीच बांधलेले आणि थोडे असते, त्यामुळे असा एक खोका रॅकच्या मागे राहून गेला तर तेवढी रक्कम पुन्हा मिळवण्यासाठी कितीतरी पटीने माल विकावा लागतो. आपण हे नुकसान टाळत आला आहात ही गोष्ट शेठना माहीत असते, पण ती कोणी आकड्यांत मांडलेली नसते. मागच्या वर्षभरात आपण परत पाठवलेल्या मालाच्या नोंदी काढा आणि बेरीज करून एका कागदावर लिहा. आपल्या मागणीच्या बाजूने यापेक्षा भक्कम पुरावा नाही.

मागणी करताना घरातल्या अडचणींपासून सुरुवात करू नये असे माझे ठाम मत आहे. अडचणी खऱ्या असतात आणि त्या सांगण्यात कमीपणा अजिबात नाही. परंतु मी पाहिले आहे की गरज सांगितली की मालक उचल देतात; पगारवाढ देत नाहीत. मुलीची फी भरायची आहे म्हटले की दहा हजारांची उचल लगेच मिळते, ती पुढे दरमहा पगारातून कापली जाते, आणि उपकाराच्या ओझ्याखाली पुढची दोन वर्षे वाढीचा शब्द तोंडातून निघत नाही. मालकाचा हेतू चांगला असतो, तरीही कामगाराचे यात नुकसानच होते. म्हणून बोलणे कामावरच ठेवावे.

किती मागावे हे ठरवताना मालकाच्या बाजूचा हिशेबही माहीत असावा. समजा आपण मूळ पगारात 1,500 रुपयांची वाढ मागितली, भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा दोन्ही लागू आहेत, आणि वाढीनंतरही निधीसाठी धरायचा पगार 15,000 रुपयांच्या आतच आहे. मालकाला निधीचे बारा टक्के म्हणजे 180 रुपये आणि विम्याचे सव्वातीन टक्के म्हणजे सुमारे 49 रुपये जास्त भरावे लागतात, त्यात किमान 8.33 टक्के बोनस (तो पूर्ण पगारावर दिला जात असेल तर) आणि ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची, वाढलेली जबाबदारी धरली तर त्याचा खरा खर्च महिन्याला 1,900 रुपयांच्या वर जातो. आपल्या हातात मात्र वजावटीनंतर साधारण 1,309 रुपये येतात. हा फरक आधीच ठाऊक असला की "मला तुझ्या वाढीचे दोन हजार पडतात," या वाक्याने आपण गोंधळून जाणार नाही. आणि याच कारणाने काही मालक वाढ वेगळ्या भत्त्याच्या किंवा रोख रकमेच्या रूपाने द्यायला तयार होतात. ती घेऊ नका असे मी म्हणत नाही, पण आग्रह मूळ पगारासाठी धरा, कारण ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजली जाते. प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून. मूळ पगारातल्या त्याच 1,500 रुपयांमुळे अकरा वर्षांच्या सेवेची ग्रॅच्युइटी सुमारे 9,500 रुपयांनी वाढते.

वेळही जपून निवडावी. मार्चअखेरच्या धावपळीत बोलू नये. दिवाळीच्या तोंडावर बोलल्यास बोनस आणि वाढ यांची सरमिसळ होते आणि थोडा जास्त बोनस देऊन विषय मिटवला जातो. जानेवारी आणि जुलैमध्ये नवा भत्ता लागू होतो, तेव्हा त्यालाच वाढ म्हटले जाते. माझ्या मते एप्रिलच्या उत्तरार्धात, वर्षाचे हिशेब डोळ्यांसमोर असताना, दुकान उघडण्याआधी किंवा बंद झाल्यावर, गिऱ्हाईक आणि इतर नोकर समोर नसताना बोलावे. बोलून झाल्यावर एक लहान अर्ज हातात द्यावा. तो असा असू शकतो: "मी अकरा वर्षे आपल्याकडे काम करत आहे. सध्या ऑर्डर घेणे, माल काढणे, मुदत तपासणे आणि परतीच्या मालाची नोंद ही कामे मी स्वतंत्रपणे पाहते. वेतन नोंदवहीत माझा वर्ग अकुशल असा आहे. तो कामानुसार कुशल असा बदलावा, आणि सेवेचा कालावधी लक्षात घेऊन मूळ वेतनात दरमहा इतकी वाढ करावी, ही विनंती." अर्जात दोन मागण्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. पहिली कायद्याने आपल्या हक्काची आहे, दुसरी मालकाच्या विचारावर अवलंबून आहे. दोन्ही एकत्र केल्या तर पहिलीसुद्धा मेहेरबानी ठरते. अर्जाची एक प्रत तारखेसह स्वतःकडे ठेवा.

शेठ एकदम सगळे मान्य करतील अशी अपेक्षा धरू नये. "धंद्यात आता काही राहिले नाही," असे ते म्हणाले तर ते सर्वस्वी खोटे समजू नका, पण वर्ग बदलण्याचा मुद्दा सोडू नका. वाढ दोन टप्प्यांत, निम्मी आता आणि निम्मी सहा महिन्यांनी, असे ठरले तर चालेल. फक्त तारीख कागदावर यायला हवी. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर आपण जो वेळ थांबता, त्याचाही विषय याच वेळी काढा, कारण जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो आणि आपल्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही.

नोकरी जाईल का, ही आपली मुख्य भीती आहे. ती अनाठायी आहे असे मी दुरून बसून म्हणू शकत नाही. एवढे खात्रीने सांगतो की एक वर्षाहून अधिक सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचे असल्यास एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागते. ग्रॅच्युइटी याहून वेगळी. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानात पाच वर्षांच्या सेवेनंतर ती राजीनामा दिला तरी मिळते. म्हणून आपली नेमणुकीची तारीख कागदावर अकरा वर्षांपूर्वीचीच आहे ना, की मध्येच नवे नेमणूकपत्र देऊन सेवा नव्याने सुरू झाल्याचे दाखवले आहे, हे आधी पाहून घ्या.

वर्ग चुकीचा असूनही बदलला नाही, तर तो पगार कमी दिल्याचा प्रकार होतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसार अशा फरकासाठी तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो (जुन्या किमान वेतन अधिनियमात ही मुदत सहा महिन्यांचीच होती), आणि पैसे पूर्ण दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. त्यासाठी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सरकारी कामगार अधिकाऱ्यांना भेटावे. मात्र मी आपल्या जागी असतो तर तिथे जाण्याआधी अर्जाच्या उत्तराची महिनाभर वाट पाहिली असती आणि त्या महिन्यात शहरातल्या इतर दोन-तीन घाऊक विक्रेत्यांकडे आपल्यासारख्या माणसाला काय पगार मिळतो याची चौकशी केली असती. मुदतीचा माल सांभाळणारे अनुभवी माणूस त्यांनाही सहज मिळत नाही, आणि तिथला आकडा कळल्यावर शेठसमोर दुसऱ्यांदा बसताना किती मागायचे याचा अंदाज बांधावा लागणार नाही.