अब्राम झोपला होता

प्रिय मित्रा,

सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहाटे उठून प्रार्थना करायचा नेम केलास, तो तीन आठवड्यांत मोडला, आणि आता विचारतोस, करार माझ्याकडूनच मोडला तर देवाने तरी तो का पाळावा?

निम्मा घोटाळा 'करार' या शब्दाचा आहे. करार म्हटलं की आपल्याला भाडेकरार आठवतो. अटी, मुदत, दोन सह्या. एकाने शब्द फिरवला की दुसरा मोकळा. तुझ्या वयात मीही देवाशी असाच हिशेब ठेवायचो, अक्षरशः वहीत. तो कधीच जुळला नाही.

बायबलातल्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, 15वा अध्याय काढ आणि सावकाश वाच. तिथे देव अब्रामाशी, म्हणजे पुढच्या अब्राहामाशी, करार करतो. अब्राम तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची बकरी, तीन वर्षांचा एडका मधोमध चिरतो आणि अर्धी अर्धी धडं समोरासमोर मांडतो. होला आणि पारव्याचं पिल्लू तेवढं चिरत नाही. हिब्रूत करार 'करत' नाहीत, 'कापतात', तो असा. त्या तुकड्यांमधून चालायचं म्हणजे 'शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो' असं बोलून बसणं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 34व्या अध्यायात, हीच रीत पुन्हा दिसते, तिथे वासरू आहे.

आता बघ, चाललं कोण? सूर्य मावळायच्या सुमाराला अब्रामाला गाढ झोप लागते. अंधार पडल्यावर धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. ती आग म्हणजे देवाच्या हजेरीची खूण. चालतो तो देव, अब्राम चालतच नाही. दिवसभरात त्याने केलं काय, तर जनावरं मांडली आणि मांसावर उतरणारे पक्षी हाकलले. मला हे पक्षी हाकलणं फार आवडतं. तुझी पहाटेची प्रार्थना मला त्याच जातीची वाटते.

सगळेच करार असे नाहीत, हेही सांगतो, नाहीतर तू निर्धास्त झोपशील. मोशेने मिसरातून बाहेर आणलेल्या इस्राएल लोकांनी सीनाय डोंगरापाशी तोंडाने कबूल केलं की परमेश्वराने सांगितलेलं सगळं करू. मोशेने अर्धं रक्त वेदीवर टाकलं, उरलेलं लोकांवर शिंपडलं. तिथे आज्ञा आहेत आणि मोडल्याचे परिणामही आहेत. मोशे चाळीस दिवस डोंगरावर होता, तेवढ्यात खाली सोन्याचं वासरू तयार! त्यामानाने तुझे तीन आठवडे बरेच म्हणायचे. मात्र क्रम विसरू नकोस. मिसरातून सुटका आधी झाली, दहा आज्ञा नंतर आल्या. सुटका त्यांनी नियम पाळून कमावलेली नव्हती.

पुढे यिर्मया 31मध्ये देव नव्या कराराचं बोलतो. नियम या खेपेला दगडावर नाही, हृदयावर. आणि लूक 22मध्ये येशू प्याला पुढे करून म्हणतो, हा माझ्या रक्तातला नवा करार. मेजावर कोण होतं ते पाहा. येशूला धरून देणाऱ्या यहूदाचा हात तिथेच होता, आणि कोंबडा आरवायच्या आत त्याला तीनदा नाकारणारा शिष्य पेत्रही. येशूला दोघांचंही ठाऊक होतं, तरी प्याला फिरला.

नेम पुन्हा सुरू कर, पण पहाटेचा हट्ट नको. जागा राहशील अशी वेळ निवड. आणि पुढच्या पत्राआधी निर्गम 34 वाच. सोन्याचं वासरू पाहून मोशेने रागाने फोडलेल्या, आज्ञांच्या दगडी पाट्यांच्या जागी नव्या कोणी घडवायच्या आणि त्यांवर लिहिणार कोण, हे पहिल्याच ओवीत आहे. तुला काय वाटलं ते कळव.

ख्रिस्तात तुझा,
दादा