टायगर भारी की टी-३४?

प्रश्न असा आहे की दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा टायगर रणगाडा एवढा ताकदवान होता तर रशियाचा टी-३४ रणगाडा त्याला पुरून कसा उरला.

समोरासमोर उभे केले तर टायगरच भारी, यात वादच नाही. ८८ मिमीची तोफ, पुढचं चिलखत १०० मिमी, आणि सुरुवातीच्या टी-३४ची ७६ मिमीची तोफ समोरून त्याला काहीच करू शकत नव्हती, बाजूने आणि तेही जवळ जाऊन मारावं लागायचं. पण वजन ५५ टनांच्या वर, त्यामुळे साधे पूल झेपायचे नाहीत, पेट्रोल प्रचंड प्यायचा, आणि चाकं एकमेकांत गुंतवून बसवलेली, म्हणजे आतलं एक चाक बदलायचं तर आधी बाहेरची काढा, आणि रशियन थंडीत चाकांमधला चिखल रात्रभरात गोठला की सकाळी गाडी जागची हलत नसे!

टी-३४ तिरक्या चिलखताचा, चाकांवरच्या रुंद साखळी-पट्ट्यांचा, डिझेलवर चालणारा, चिखल-बर्फात बिनधास्त जाणारा. त्यातही खोट होती, सुरुवातीला टरेटमध्ये (वरच्या फिरत्या, तोफेच्या बुरुजात) दोनच माणसं, कमांडरलाच तोफ डागावी लागायची आणि बऱ्याच गाड्यांत रेडिओसुद्धा नव्हता, हे लोक विसरतात. १९४४ला ८५ मिमीची तोफ आणि तिघांचा टरेट आला तेव्हा बरंच सुधारलं.

आणि आकडे बघा ना, हे टायगर (टायगर-१) जेमतेम १,३५० बनले, टी-३४ युद्धकाळातच ५० हजारांच्या वर. १९४१ला कारखाने उचलून उरल पर्वताकडे नेले, तिथल्या कामगारांनी, त्यात बायकाही भरपूर, हे करून दाखवलं. माझ्या मते खरं श्रेय त्यांचं.