दोन सिझरनंतर तिसऱ्या वेळी वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाला चिकटून बसण्याचा धोका कुणाला जास्त?

तुमच्या वहिनींची दोन सिझर झालीत, म्हणून पहिला प्रश्न एकच: वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर आहे का? जुन्या टाक्यांच्या व्रणावर वार रुजली की ती आत घुसते, बाळंतपणानंतर सुटत नाही आणि रक्तस्राव आवरत नाही. वार तोंडावर असेल तर एका सिझरनंतर हा धोका साधारण 11 टक्के, दोननंतर तब्बल 40. क्युरेटिंग (गर्भपिशवी साफ करणं), फायब्रॉइडचं म्हणजे गर्भाशयातल्या गाठीचं ऑपरेशन, आयव्हीएफ, पस्तिशीपुढचं वय यांनीही तो वाढतो, पण सिझरइतका नाही. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत जुन्या सिझरचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. घाईत राहून जातं. शंका आली तर इंदूरमध्येच, एमवाय (महाराजा यशवंतराव) या सरकारी हॉस्पिटलासारख्या, रक्तपेढी असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात नाव घाला. गल्लीतलं नर्सिंग होम कितीही घरचं वाटलं तरी नको.