भारुडांच्या अल्बमचा डाउनलोड दर किती ठेवावा?

तुमच्या परभणीच्या मंडळानं नाथांची आठ भारुडं रेकॉर्ड केली, स्टुडिओला २४ हजार गेले, आता डाउनलोड ५ रुपयाला गाणं द्यावं की २०० ला अल्बम, हा तुमचा प्रश्न. मी दोन्ही टाळेन. सुटं भारुड १५ रुपये, आठही एकदम ८० रुपये.

पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा, साधारण २ टक्के कापतो, वर त्या कपातीवर १८ टक्के जीएसटी. ८० मधले १ रुपया ८९ पैसे गेले, हाती ७८. म्हणजे ३०८ अल्बम खपले की स्टुडिओचा खर्च निघाला. नुसती सुटी गाणी विकली तर तेवढ्यालाच १,६३९ डाउनलोड लागतात. म्हणून सुटा दर मुद्दाम चढा ठेवायचा. सहावं गाणं निवडलं की गिऱ्हाइकाला अल्बमच स्वस्त पडतो. अगदी कमी दर हाही उपाय नाही. फ्लिपकार्टचं ‘फ्लाइट’ २०१२ मध्ये ६ रुपयांपासून गाणी विकत होतं, २०१३ मध्ये बंद पडलं. पायरसी होतीच, शिवाय एवढी किरकोळ रक्कम ऑनलाइन भरायची सोयही तेव्हा धड नव्हती.

आता यूपीआय आहे. थेट खात्यावर घेतलं तर कपात नाही, पण प्रत्येकाचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, जुळवून लिंक पाठवायला माणूस बसवावा लागतो. सप्ताहात एकदम तीस-चाळीस जणांनी पैसे टाकले की गोंधळ ठरलेला. तिथं गेटवेच बरा.

बँडकॅम्प हे गाणी विकायचं परदेशी संकेतस्थळ १५ टक्के घेतं, पेमेंटचा खर्च वेगळा. खरी अडचण पुढं आहे: तिथले पैसे पेपलमार्फत येतात, आणि पेपलनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले. त्यामुळे ते दुकान परदेशातल्या मराठी माणसांपुरतंच धरा.

दर जाहीर करण्याआधी चालींचं बघा. नाथांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, पण जुन्या कॅसेटवरची चाल उचलली असेल तर संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. लेखी परवानगी घ्या; तिचे पैसे २४ हजारांत मिळवून वरचा हिशेब पुन्हा करा. पखवाजी, टाळकरी, गायक यांचे वाटेही आत्ताच कागदावर आणा.

फाइलला लॉक नको. विकत घेतलेलं गाणं ट्रॅक्टरवरच्या पेनड्राइव्हवर वाजलं नाही तर माणूस पुन्हा विकत घेत नाही. ३२० केबीपीएसची एमपीथ्री द्या, सहा मिनिटांचं भारुड साधारण १४ एमबी होतं. फाइलची नावं रोमन अक्षरांत, आधी 01, 02 असे आकडेही इंग्रजीतच. स्वस्तातल्या डेकवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात.