संशोधन करायचं तर पेशंट सोडावे लागतात का?

सौ. ताई,
सप्रेम नमस्कार.

रामबागेतून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी इंदूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला सार्वजनिक आरोग्यात संशोधन करायचंय आणि घरच्यांना रेडिओलॉजी हवीय. तुम्ही विचारता, "एमवायमध्ये (इंदूरच्या सरकारी महाराजा यशवंतराव हॉस्पिटलात) गर्दी एवढी, तिथे पेशंट बघायचे सोडून कागद रंगवण्यात काय अर्थ?"

गर्दी आहे म्हणूनच तर अर्थ आहे. पूर्वी टीबी झाला की सॅनेटोरियम, म्हणजे टीबीच्या रोग्यांना महिनोन्महिने ठेवायचं रुग्णालय, ठरलेलं. खाटा मोजक्या, रोगी अफाट. 1956 मध्ये मद्रासला सुरू झालेल्या सरकारी केंद्राने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रोग्यांची वाटणी केली: काही सॅनेटोरियममध्ये, काही घरीच गोळ्यांवर. घरी जेवण बेताचं, जागा अपुरी. तरीही वर्षभराने दोन्हीकडचे रोगी जवळपास सारखेच बरे झाले होते, आणि घरच्यांना जास्त लागणही झाली नव्हती. 1959 मध्ये हे छापून आलं आणि हळूहळू सॅनेटोरियमं ओस पडली. रोग्याला घरी धाडता येतं का, हे शोधायला कुठलं खाजगी हॉस्पिटल पैसे घालेल, तुम्हीच सांगा.

ही काही फक्त जुनी गोष्ट नाही. झारखंडमध्ये सरकारी टीबी कार्यक्रमातच रोग्यांच्या घरच्यांना दरमहा शिधा देऊन पाहिला. दहा हजारांवर माणसं होती. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी निघालं; हे 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. शिवाय, पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्यांचं वजन वाढलं त्यांच्यात मृत्यू बरेच कमी होते. ओपीडीत वजनकाट्यावरचा आकडा पर्चीवर टाकून आपण पुढच्या पेशंटला हाक मारतो, तोच हा आकडा.

आता लेकीला ऐकवायचं ते. हे काम बरंचसं कंटाळवाणं असतं. पर्चीवर वजनाचा रकाना कोरा, दिलेला फोन नंबर शेजाऱ्याचा, मजूर कापणीला गावी गेलेला. मग पत्ता शोधत गल्लीबोळ हिंडायचे. त्यात तिला गोडी वाटत नसेल तर खुशाल रेडिओलॉजी करू दे. तिथेही एमडीला थीसिस चुकत नाहीच! आणि पैशाचं म्हणाल, तर रेडिओलॉजिस्ट मैत्रिणीच्या मागेच राहील ती. हे आत्ताच मान्य करा, नंतर घरात टोमणे नकोत.

पेशंट सोडायची तर मुळीच गरज नाही. कम्युनिटी मेडिसिनमध्ये, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयात, एमडी हा सरळ रस्ता, पण मेडिसिन किंवा बालरोग करूनही संशोधन होतं. निवड नीट-पीजीच्या, म्हणजे एमडीच्या प्रवेश परीक्षेच्या, वेळी करता येईल. तोवर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) विद्यार्थ्यांसाठी शॉर्ट टर्म स्टुडंटशिप असते, दोन महिन्यांची, आपल्याच कॉलेजातल्या गाइडच्या हाताखाली. तिने अर्ज करावा. गाइड निवडताना नाव मोठं आहे का हे बघू नये. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारावं, सर भेटतात का, काम पुरं झालं का. आणि विषय लहान घ्यावा. टीबीच्या ओपीडीत किती पर्च्यांवर वजन लिहिलेलं असतं, एवढा प्रश्नसुद्धा दोन महिन्यांना पुरून उरेल.

आपला,
करिअर सल्लागार